सफारी, सॅव्हाना आणि दौंडचा माळ



भूगोलात नैसर्गिक प्रदेशांचा धडा आला की सॅव्हाना हा शब्द येतो. पुस्तकात जिराफाचं चित्र असतं. मुलं पाठ करतात : उंच गवत, तुरळक झाडं, उन्हाळ्यात पाऊस, बाकीचं वर्ष कोरडं, गवत खाणारे प्राणी भरपूर आणि त्यांना खाणारे प्राणीही भरपूर. परीक्षेत प्रश्न येतो, गुण मिळतात, धडा संपतो. आफ्रिका खूप लांब आहे एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. वर्गाच्या खिडकीतून दिसणारा माळही जवळपास त्याच व्याख्येत बसतो, हे मात्र तासाला कुणी बोलत नाही. आजचा पाठ त्यासाठी. शिरूर-दौंड भागातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, पण बारामती, इंदापूर, कर्जत, श्रीगोंदा कुठंही चालेल.

सुरुवात शब्दापासून करूया. 'सफारी' हा स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ प्रवास. तो तिकडं अरबी 'सफर'वरून गेला, आणि आपल्या मराठीतली 'सफर'ही त्याच घरातली, फारसीमार्गे आलेली. म्हणजे सफारी हा शब्द मुलांना परका नाहीच. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा आणि मुलांनाच नातं ओळखू द्या.

आता टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाकडं वळूया. १९५१ साली हे उद्यान झालं. क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर. नुसता आकडा मुलांना काही सांगत नाही, म्हणून पुणे जिल्ह्याचा आकडा शेजारी ठेवा : १५,६४३. लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत आणि जुन्नरपासून भोरपर्यंत सगळा जिल्हा घ्या, त्यातला थोडाच भाग वगळा, उरलेलं सगळं एकच उद्यान. त्याला लागूनच उत्तरेला केनियाचं मसाई मारा. पुण्यामुंबईची मंडळी जुलै-ऑगस्टात सहलीला जातात ते बहुतेक इथंच, कारण त्या सुमारास विल्डबीस्टचे कळप गवताच्या मागं मारा नदीकडं सरकलेले असतात.

सफारीचा दिवस तसा साधा असतो. पहाटे उघड्या छताच्या गाडीतून निघायचं, ऊन चढलं की परत, दुपारनंतर पुन्हा एक फेरी. गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही, प्राण्याच्या मागं गाडी पळवायची नाही. चालकाची नजर तयार असते, आपल्याला दगड वाटतो तिथं त्याला सिंहीण दिसते. बराच वेळ काहीच घडत नाही. टीव्हीवर शिकारच शिकार बघितलेल्या मुलांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. सिंहही दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच असतो.

पण वर्गात समजावून सांगायची खरी गोष्ट वेगळी आहे. तिथं एवढे प्राणी का? सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, जोडीला झेब्रे आणि छोटी हरणं. एवढी तोंडं एका जागी राहिली तर गवत उरणार नाही, म्हणून ती थांबत नाहीत. उद्यानाच्या आग्नेय बाजूला पाऊस कमी, साधारण ५०० मिलिमीटर, आणि वायव्येकडं जाता जाता तो दुपटीवर जातो. पावसाच्या दिवसांत कळप दक्षिणेच्या आखूड गवतावर येतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस चांगलं, म्हणून साधारण फेब्रुवारीत माद्या तिथंच वितात. ती जमीन सुकली की कळप पश्चिमेकडं, मग उत्तरेकडं निघतात, आणि वर्ष फिरलं की पुन्हा दक्षिणेला. गवत खाल्लं तरी मरत नाही, कारण त्याचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. शेंडा खुडला की रोप खुंटतं, गवत मात्र पुन्हा फुटतं. घास कापणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरातलं पोर हे आपल्यापेक्षा चांगलं सांगेल.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नाही, पण जरूर सांगावी. १८९०च्या दशकात आफ्रिकेत गुरांची एक साथ आली. तिचं इंग्रजी नाव रिंडरपेस्ट, आणि आपले आजीआजोबा जिला बुळकांडी म्हणायचे ती हीच. त्या साथीत गुरं गेली आणि विल्डबीस्टही गेले. पुढं कित्येक वर्षं हा रोग तिथं ठाण मांडून होता. मग उद्यानाभोवतीच्या गावांतल्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. लस गुरांना दिली, पण रोग रानातूनही हटला. १९६०च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत १३ लाखांवर गेले. ते गवत खाऊ लागले तसा वाळलेल्या गवताचा साठा घटला, वणवे कमी झाले, आणि वणव्यात जळणारी कोवळी झाडं मोठी होऊ लागली. गोठ्यातल्या लसीनं रानातली झाडं वाढली! अन्नजाळी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. २०११ साली बुळकांडी जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. घरी आजोबांना या रोगाविषयी विचारून या, असा गृहपाठ द्या. काय काय ऐकायला मिळतं बघा.

आता आपल्याकडं येऊया.

दौंड, बारामती, इंदापूर आणि शिरूरचा काही भाग सह्याद्रीच्या पाऊसछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सेरेंगेटीच्या कोरड्या बाजूइतकाच. तिथं पावसाचे दोन हंगाम, आपल्याकडं मुख्य एकच, हा फरक सांगायला हवा. खाली काळा कातळ, वर वीतभर मुरमाड माती. कातळही ज्वालामुखीचाच, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अशा जमिनीवर दाट जंगल होत नाही. होतं ते गवत : पवना, मारवेल, कुसळी. अधूनमधून हिवर, खैर, बोर, एखादा पळस. हिवर हा आफ्रिकेतल्या बाभळींच्या गोतावळ्यातलाच. संध्याकाळी पाटसच्या पुढं रोटी घाटातून माळावरच्या एकट्या हिवराकडं बघा आणि मग सेरेंगेटीचा कुठलाही फोटो बघा.

"सर, पण हे तर जंगल तोडून झालेलं उजाड रान आहे ना?" हा प्रश्न येतो. मुलांकडून येतो, पालकांकडूनही येतो. बऱ्याच वर्षांपासून आपण सगळे असंच मानत आलोय. पण इथल्या संशोधकांनी जुनं मराठी साहित्य याच नजरेनं पुन्हा वाचलं. लीळाचरित्रापासून लोकगीतं-ओव्यांपर्यंत, कुठल्या जागी कुठली झाडं म्हटली आहेत याची नोंद घेतली. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातल्या वर्णनांत त्यांना मुख्यत्वे काटेरी, उन्हात वाढणारी माळावरचीच झाडं मिळाली. म्हणजे निदान सात-आठशे वर्षं हा प्रदेश असाच आहे. मराठीच्या शिक्षकांनी आणि भूगोलाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा असा हा तास आहे.

इतिहासाच्या शिक्षकांनाही बोलवा. दौंडचा हा मुलूख पूर्वी भीमथडी तालुका म्हणून ओळखला जायचा. भीमेच्या थडीवरची, म्हणजे काठावरची, तट्टं प्रसिद्ध होती. छोट्या चणीची, काटक, मराठी फौजेची. ती तट्टं ज्याच्यावर वाढली ते हेच गवत. 'कुरण' हा शब्द तेव्हा सरकारी कागदांत मानानं यायचा, राखीव कुरणांवर पहारे असायचे. आज त्याच जमिनीला आपण पडीक म्हणतो. भारत सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही अशी झुडपी, मोकळी माळजमीन 'वेस्टलँड'च्या सदरात मोडते. एकदा पडीक म्हटलं की पुढचं सोपं होतं. प्लॉटिंग होतं, मुरूम उपसला जातो, औद्योगिक वसाहत येते, नाहीतर चर खोदून झाडं लावली जातात. कुरकुंभ आणि रांजणगावच्या कारखान्यांनी आपल्या कितीतरी घरांत पगार आणले, त्यावर मी इथं वाद घालणार नाही. पण झाडांबद्दल बोललं पाहिजे, कारण ते आपल्या हातात आहे. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीत शाळाशाळांनी भाग घेतला, मुलं खपली. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी झाड लावावंच. माळाच्या मधोमध दाट लागवड केली की सावली पडते, आणि पवना-मारवेल सावलीत टिकत नाहीत. गवत गेलं की त्याच्यावरचं सगळं जातं.

त्याच्यावर काय काय आहे? सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तालुका बारामती, पण दौंडकरांना अगदी लागून. १९९७ साली चिंकाऱ्यासाठी ते राखलं. क्षेत्र फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. सेरेंगेटीत अशी किती मावतील, हा गणिताचा प्रश्न मुलांना घाला. (उत्तर २,८०० च्या वर येतं.) आपली हरणं त्या कुंपणात राहत नाहीत, आजूबाजूच्या माळावर, शेतांच्या बांधावर फिरतात, म्हणून तर बाहेरचा माळ महत्त्वाचा. चिंकारा म्हणजे गॅझेल कुळातलं हरीण. सेरेंगेटीतल्या थॉमसन आणि ग्रँट्स गॅझेलचं हे चुलत भावंडं. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. नराची जाड, वळ्यावळ्यांची, मादीची बारीक आणि सरळ. चाहूल लागली की शिंकल्यासारखा आवाज करतं, थोडं पळतं, थांबतं आणि वळून बघतं. फोटो हवा असेल तर तोच क्षण. काळवीट बघायचं तर दौंडहून पलीकडं कर्जत तालुक्यात रेहेकुरी आहे, २.१७ चौरस किलोमीटरचं.

काळवीट आणि चिंकारा एवढे वेगानं का पळतात, हे विचारा. मागं लागणारा चित्ता होता म्हणून. भारतातून चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले. इथं एक भाषेची दुरुस्तीही करून घ्या. आपल्याकडं बोलताना बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतात. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बिबट्याचे ठिपके पोकळ, फुलासारखे.

२०२४ साली पुणे वन विभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. बारामती तालुक्यात शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडी. आगाऊ नोंदणी करायची आणि स्थानिक गाईड बरोबर घ्यायचा. सकाळची वेळ उत्तम. काय दिसतं? चिंकारा बहुधा दिसतोच. खोकड, ससा, धाविक, माळटिटवी, चंडोल, हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्या ससाणे. नशीब असेल तर लांडगा किंवा तरस. हत्ती-सिंह नाहीत हे मुलांना गाडीत बसण्याआधीच सांगा, नाहीतर अर्ध्या तासात "सर, कधी दिसणार?" सुरू होतं. दुर्बिणी चार मुलांत एक असली तरी पुरते.

लांडग्यावर थोडं थांबतो. 'लांडगा आला रे आला' आपण पहिलीपासून सांगतो, त्यामुळं मुलांच्या डोक्यात लांडगा खलनायक म्हणून पक्का बसलेला असतो. २०२२ च्या गणनेत देशात वाघ सरासरी ३,६८२ निघाले. लांडग्यांचा अंदाज सुमारे ३,००० चा आहे. म्हणजे वाघापेक्षा दुर्मिळ प्राणी आपल्या गावाच्या शिवेवर राहतो. त्याला आज मोठा धोका बंदुकीपेक्षा कुत्र्यांचा आहे. मेलेल्या कोंबड्या, हॉटेलचं उरलेलं माळावर फेकलं की भटकी कुत्री जमतात. ती चिंकाऱ्याची पाडसं मारतात, लांडग्यांना रोग देतात, आणि त्यांच्याशी जोडही लावतात. पुणे जिल्ह्याच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेला आहे. हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. १९९४ साली सेरेंगेटीत गावातल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग सिंहांत शिरला आणि तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. त्यानंतर भोवतालच्या गावांत कुत्र्यांना लस द्यायचं काम सुरू झालं. कचरा कुठं टाकतो आणि कुत्र्याला लस दिली का, हे दोन प्रश्न पालकसभेत विचारण्यासारखे आहेत.

आता मेंढपाळ. पावसाळ्यात माळावर धनगरांचे वाडे उतरतात. दिवाळीच्या आसपास कितीतरी कळप घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर परत वर येतात. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, लेंडीखतासाठी. पावसामागं गवत आणि गवतामागं कळप, हे चक्र सेरेंगेटीच्या चक्रासारखंच आहे, फक्त इथं कळपाबरोबर माणूस चालतो. लांडगा अधूनमधून मेंढी उचलतो, मेंढपाळ शिव्या घालतो, पण पिढ्यानपिढ्या दोघं एकाच माळावर आहेत. आफ्रिकेत मसाई लोकही असेच गुरं घेऊन सेरेंगेटीत राहायचे. १९५९ साली त्यांना तिथून हलवून शेजारच्या गोरोंगोरोत पाठवलं. उद्यान झालं, पण माणसांचं कुरण गेलं. सफारीच्या जाहिरातीत हा भाग नसतो. आपल्या वर्गात धनगरवाड्यावरची मुलं असतील तर या तासाचे शिक्षक तीच. गवताची नावं, पाणवठे, लांडग्याची वाट, त्यांना सगळं माहीत असतं. वर्षाच्या मध्ये ती मुलं गैरहजर का होतात, तेही बाकीच्या वर्गाला यातून कळतं.

शिरूरच्या पालकांशी वेगळं बोलावं लागेल. तुमच्याकडं जंगली प्राणी म्हटलं की बिबट्या, आणि तो बघायला तिकीट लागत नाही, उसात असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं गेली. अशा गावात "प्राणी आपले मित्र" हे गाणं म्हणून घेणं मला पटत नाही. तिथं सरळ सांगायचं : ऊस हे बिबट्याला दाट जंगलासारखं आहे. पाणी आलं, ऊस आला, लपायला जागा आणि खायला कुत्री-शेळ्या आल्या. तिन्हीसांजेला मुलांनी एकटं बाहेर थांबायचं नाही, उसाच्या कडेला वाकून-बसून राहायचं नाही, शाळेत येता-जाता घोळक्यानं चालायचं. सेरेंगेटीभोवतीच्या गावांतली मुलंही हेच शिकतात. पर्यटक गाडीत असतो, गावकरी नसतो. मात्र उसातला बिबट्या आणि उघड्या माळावरचा लांडगा-चिंकारा हे दोन वेगळे विषय आहेत, ते एकाच भीतीच्या पोत्यात भरू नयेत.

सहलीआधी वर्गात एक प्रयोग जरूर घ्या, खर्च शून्य. मोज्यात रुतणारं कुसळ आणायला सांगा. वाळलेलं कुसळ पिळलेल्या दोरीसारखं असतं. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ हातावर गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. ओलं-सुकं होत होत बी स्वतःला स्क्रूसारखं मातीत रोवून घेतं. हीच कुसळी आफ्रिकेच्या सॅव्हानातही उगवते. मुलांच्या हातात तेव्हा खरोखरीची सॅव्हाना असते. दुसरा उपक्रम : एक मीटरचा दोरीचा चौकोन माळावर टाकायचा आणि आत किती प्रकारचं गवत, किती किडे, किती लेंड्या ते मोजायचं. तसाच चौकोन दाट लागवडीत टाकायचा. निष्कर्ष मुलं स्वतः काढतील.

सहलीचं म्हणाल तर वेगळी गाडी काढायला नको. अष्टविनायकांमुळं मोरगाव आपल्या यादीत असतंच. शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला, सुपे असाच रस्ता आहे आणि मयूरेश्वर वाटेवरच येतं. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत दोन तास माळावर मिळतात, मग दर्शन, मग डबे. सप्टेंबर ते डिसेंबर गवत उभं असतं, मार्चनंतर नेऊ नका, ऊन सोसत नाही. भडक कपडे नकोत, स्पीकर तर नकोच. परवानगीच्या अर्जात शैक्षणिक हेतू लिहिताना 'मोरगाव दर्शन'च्या आधी एक ओळ घाला : 'उष्ण कटिबंधीय गवताळ प्रदेश – प्रत्यक्ष निरीक्षण'.